‘श्म्येचुफ्का’: कचरा कोणाला म्हटले?

पोलिश कामगारांच्या बोलण्यात ‘श्म्येचुफ्का’ हा शब्द सर्रास येतो. ज्या करारात कायद्याने भरपगारी रजा नाही आणि उद्या काम असेल याची हमी नाही, तो श्म्येचुफ्का. ‘श्म्येच’ म्हणजे कचरा. मूळ अर्थ झाडून गोळा केलेला केर. झाडूचे पोलिश नाव ‘म्योत्वा’ही त्याच धातूतून आले. या ‘श्म्येच’पासून ‘उमोवा श्म्येचोवा’, म्हणजे कचरा-करार, हे नाव पडले. पुढे ‘-उफ्का’ प्रत्ययाने दोन शब्दांचा एक केला. पोलिशमध्ये प्राथमिक शाळेची ‘पोत्स्तावुफ्का’ झाली ती याच रीतीने. असे सुटसुटीत रूप रोजच्या वापरातल्या गोष्टींनाच मिळते. म्हणजे अपवाद म्हणून असायला हवा होता तो करार किती अंगवळणी पडला, याची साक्ष हा प्रत्ययच देतो.

काहींना या शब्दात कष्टकऱ्याचा अपमान दिसतो. पण व्युत्पत्ती पाहिली तर विशेषण ‘उमोवा’चे, कराराचे आहे; माणसाचे नाही. दुसरा आक्षेप असा, की पोलिशमध्ये जंक बाँडनाही ‘कचरा-रोखे’ म्हणतात, तेव्हा हा निव्वळ इंग्रजी वळणाचा शब्द ठरतो. विशेषणाची ही तऱ्हा बाहेरून आली असेलही. पण तिला ‘-उफ्का’ जोडून जे नाम घडले, ते अस्सल पोलिश आहे.

तिसरा आक्षेप वजनदार आहे. असे करार 1964 च्या नागरी संहितेत बसतात, मग त्यांना कचरा का म्हणायचे? चित्रकाराने एक चित्र काढून देण्याचे ठरवले, तर त्या करारात गैर काहीच नाही. पण पहारेकरी ठरल्या वेळी, ठरल्या जागी, वरिष्ठाच्या हुकमाने उभा राहतो आणि तरी कागदावर स्वतंत्र कंत्राटदार ठरतो, तेव्हा 1974 च्या श्रमसंहितेतले संरक्षण त्याच्या हातून जाते. 2017 पासून यांपैकी ‘झ्लेत्सेन्ये’, म्हणजे काम सोपवण्याच्या, करारांना ताशी किमान 13 झ्लॉटी मोबदला लागू झाला. भरपगारी रजेचा हक्क मात्र त्यानेही आला नाही. शिवाय श्रमसंहितेचे 22 वे कलमच सांगते, की कामाचे स्वरूप नोकरीचे असेल तर कराराला नाव काहीही द्या, ती नोकरीच. तेव्हा ‘श्म्येचुफ्का’ म्हणणारा कामगार कायद्याची टर उडवत नाही. कायद्याने घालून दिलेली कसोटीच तो आपल्या भाषेत लावतो.