उद्यां नेसूं काय?

श्रोते हो, नोकरी मिळेपर्यंत मनुष्याला नोकरीची काळजी असते आणि ती मिळाली कीं दुसऱ्याच दिवसापासून कपड्यांची. ही दुसरी काळजी लहान खरी. पण कधीं कधीं ती एखाद्या घराला कर्जांत घालते. म्हणून तिच्याविषयीं आज चार शब्द बोलावयाचें योजिलें आहे.

कोरेगांवांत आमच्या शेजारीं एक शेतकरी कुटुंब राहतें. तालुक्याच्या ज्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालें आहे तोच घेवडा, आणि थोडेंसें आलें, एवढेंच त्यांचें उत्पन्न. या घरची मुलगी परीक्षा उत्तीर्ण होऊन जिल्हा परिषदेच्या एका प्राथमिक शाळेंत शिक्षणसेवक म्हणून नेमली गेली. पेढे वांटून झाले, आणि संध्याकाळीं मुलगी आईसह आमच्या ओटीवर आली ती कष्टी चेहऱ्यानें. म्हणाली, "काका, हुकूम हातीं आला, पण शाळेंत नेसून जाऊं काय?"

घरांत खल होऊन गेला होता. आईचें म्हणणें, बाई म्हटली कीं साडीच. आणि आठवड्याच्या सहा दिवसांना सहा साड्या, नाहीं तर गांव नांवें ठेवील. वडील त्या उधारीवर आणावयास निघाले होते. मुलीच्या मनांत निराळेंच होतें. शाळा दूर, दुचाकीवरून जाणें, वाऱ्यावर पदर कसा सांभाळावयाचा?

मीं म्हटलें, आधीं नियम काय तें पाहूं. राज्याच्या शालेय शिक्षण विभागानें १५ मार्च २०२४ रोजीं शिक्षकांच्या पेहरावाविषयीं मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत शिक्षिकांनीं साडी, किंवा सलवार वा चुडीदार, कुर्ता आणि दुपट्टा असा वेष करावा, पुरुषांनीं शर्ट आंत खोंवून पँट घालावी, असें सांगितलें होतें. जीन्स आणि टी-शर्ट नको; चित्रविचित्र नक्षीचे कपडेहि नकोत. म्हणजे साडी हा एक मार्ग होता, एकमेव मार्ग नव्हता. आपण ज्याला नियम समजतों त्यांतला बराचसा भाग पुष्कळदां शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भीतीनेंच लिहिलेला असतो!

नंतर हिशेब मांडला. २०२३ पासून प्राथमिक शाळेच्या शिक्षणसेवकाला दरमहा १६,००० रुपये मानधन ठरलें. त्यापूर्वीं तें ६,००० होतें. तें मानधन तीन वर्षांचें. त्यांतून पेट्रोल, घरखर्च आणि धाकट्या भावाचें शिक्षण. पहिला पगार हातीं येण्यापूर्वींच दुकानदाराचें देणें उभें करणें शहाणपणाचें नव्हे. तेव्हां ठरविलें तें असें: प्रथम मुख्याध्यापकांना विचारावें, कारण शाळेनें कांहीं रंग ठरविला असल्यास आधीं घेतलेलें कापड फुकट जातें. मग दोनच सुती जोड शिवावेत. एक अंगावर, एक वाळत. कापड फिकट घ्यावें, कारण खडूची धूळ गडद रंगावर चटकन दिसते. कुर्ता इतका सैल असावा कीं पहिलीच्या मुलांबरोबर सतरंजीवर मांडी घालून बसतां येईल. आणि त्याला खिसा अवश्य असावा. दुचाकीवर बसण्यापूर्वीं ओढणी काढून पिशवींत ठेवावी, कारण ती चाकांत अडकून जीवावरचे प्रसंग ओढवतात. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीसाठीं आईची एक चांगली साडी घरांत होतीच.

मुलीचा चेहरा उजळला; आईचा मात्र नाहीं. "भाऊजी, लोक काय म्हणतील?" त्यांनीं विचारलें. तेव्हां मीं त्यांना आपल्याच जिल्ह्याशीं नातें असलेल्या दोन माणसांची आठवण दिली.

नायगांवीं १८३१ सालीं जन्मलेल्या सावित्रीबाई फुले पुण्यास मुलींना शिकवावयास जाऊं लागल्या, तेव्हां रस्त्यांत त्यांच्यावर शेण आणि चिखल फेंकला जाई. त्या एक जास्तीचें लुगडें बरोबर नेत आणि शाळेंत पोहोंचल्यावर बदलीत, असें सांगतात. दोन लुगडीं होतीं, पण तीं मिरविण्यासाठीं नव्हेत. मुलींसमोर स्वच्छ उभें राहतां यावें म्हणून. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचें मूळ गांव कटगुण, तें आपल्या शेजारच्या खटाव तालुक्यांतलें. २ मार्च १८८८ रोजीं पुण्यास व्हिक्टोरिया राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. निमंत्रित सारे जडजवाहीर लेऊन आले. जोतीराव आले ते शेतकऱ्याच्या वेषांत. खरी रयत अशी असते, हें त्यांना राजपुत्राला दाखवावयाचें होतें.

दोघांनींहि वेष ठरवितांना एकच प्रश्न स्वतःला विचारला असावा, असें मला वाटतें: मी कोणासाठीं उभा आहें? "वहिनी," मीं म्हटलें, "हिच्या समोर शेतकऱ्यांचीं आणि मजुरांचीं मुलें बसणार. त्यांच्यापैकीं कित्येकांचा सदराहि एकच असेल. बाईंच्या सहा साड्या मोजणारें गांव दूर राहो. बाईंच्या अंगाला बिलगतांना मुलाला संकोच वाटूं नये, एवढें साधलें कीं पोशाख शोभला."

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "दोन तर दोन, पण इस्त्रीचे हवेत. सुरकुतलेले मी चालूं देणार नाहीं." त्या बोलण्यापुढें नियमावलींत घालण्यासारखें माझ्यापाशीं कांहीं उरलें नाहीं.

श्रोते हो, कचेरी असो, पेढी असो कीं शाळा, नव्या जागीं जाणाऱ्यानें आधीं विचारावें, मग थोडें घ्यावें, आठवडाभर डोळे उघडे ठेवावेत आणि उरलेलें आपल्या पगारांतून करावें. त्या मुलीनें तिसरा जोड पहिल्या पगारांतून शिवला. दुकानदाराच्या वहींत तिच्या वडिलांचें नांव चढलें नाहीं.