दारात बेलीफ आला तर

दिवाणी न्यायालयाचा बेलीफ दारात दिसला की घरातल्यांच्या पोटात गोळा येतो. पण तो निकाल देत नाही, हुकूम बजावतो. समन्स असेल तर घ्या, सही करा. नाकारलंत तर प्रत दाराला डकवली जाते, आणि ती बजावणी न्यायालय ग्राह्य धरू शकतं.

जप्तीचं वॉरंट असेल तर मागून वाचा: न्यायालयाची सही, शिक्का, तारीख. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० तर घराघरांत माहीत असायलाच हवं. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्मरूढीनुसार बाईला उतरवता न येणारे दागिने, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, पोटापाण्यासाठी लागणारे बैल आणि बियाणं, यांवर जप्ती येत नाही. सुताराचा रंधा कुणी उचलू लागलं तर हे कलम ठामपणे सांगा. नुसत्या पैशाच्या हुकूमनाम्यापोटी बाईला अटकही करता येत नाही.

उचललेली वस्तू कर्जदाराची नसून भावाची असेल, तर भावाने न्यायालयात हरकतीचा अर्ज द्यावा. बेलिफाशी मात्र झटापट नको, तो गुन्हा ठरतो. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा; महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.