पीआर कुणी विकत देत नाही



आम्ही छत्रपती संभाजीनगरच्या आसपासच्या गावांत बचत गटांचं काम करतो. गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी येते ती बहुतेक ठरलेल्या कामांसाठी. बी-बियाणं, शेळी, शिलाई मशीन, दवाखाना, लेकीचं लग्न. अलीकडे त्यात एका नव्या मागणीची भर पडली आहे. "लेकराला परदेशात पाठवायचंय, एजंटला पैसे भरायचेत." आज त्याबद्दल बोलू.

आधी आमचीच चूक सांगतो. आमच्या एका गटातल्या ताईंचा मुलगा आयटीआय झालेला, वाळूजला ठेकेदाराकडे कामाला. शहरातल्या एका एजंटनं त्याला सांगितलं, "सहा महिन्यांत कॅनडाची पीआर, गॅरंटी." पीआर म्हणजे त्या देशात कायम राहण्याचा, काम करण्याचा परवाना. ताईंनी गटाकडे साठ हजार मागितले. लेकराचं भलं होतंय म्हणून आम्ही एकही प्रश्न न विचारता ठराव लिहिला. बाकीच्यासाठी त्यांनी गळ्यातलं मोडलं. काही महिन्यांनी एजंटचा फोन बंद, ऑफिसला कुलूप. मुलगा घरीच राहिला. ताईंनी दोन हंगाम कापूस वेचून हप्ते फेडले. पावतीवर "सल्ला शुल्क" एवढंच लिहिलेलं होतं, म्हणून पोलिसांपुढे सांगायलाही धड काही नव्हतं.

नंतर आम्ही माहिती काढली, तेव्हा कळलं की ती गॅरंटी पहिल्या दिवसापासूनच खोटी होती. कॅनडा 2015 पासून कुशल कामगारांचे अर्ज 'एक्सप्रेस एंट्री' नावाच्या पद्धतीनं घेतो. वय, शिक्षण, कामाचा अनुभव आणि भाषेची परीक्षा, या सगळ्याचे गुण मिळतात. ज्यांचे गुण जास्त, त्यांनाच बोलावणं येतं. अर्ज सरकारी संकेतस्थळावर स्वतः भरता येतो. पैसे घेऊन मदत करणाऱ्या सल्लागाराकडे तिकडचा परवाना लागतो, किंवा तो तिकडचा वकील असावा लागतो. आमच्या ताईंच्या मुलानं इंग्रजीची परीक्षाच दिलेली नव्हती. त्या निकालाशिवाय अर्ज दाखलच होत नाही. मग एजंट सहा महिन्यांत पीआर देणार कुठून?

या गुणांमधली एक गोष्ट आपण बायांनी नीट ऐकावी. नवरा-बायको दोघांना जायचं असेल, तर बायकोच्या शिक्षणाचे आणि भाषेचेही गुण धरतात. तिचे गुण जास्त असतील, तर मुख्य अर्ज तिच्या नावानं करता येतो आणि नवरा तिच्यासोबत जातो. सुनेचं शिक्षण मध्येच थांबवणाऱ्या घरांनी हे ध्यानात ठेवावं.

आता दुसरी गोष्ट. मागच्या वर्षी दुसऱ्या एका गटातल्या ताईंनी कर्ज मागितलं, ते लेकीसाठी. लेक जीएनएम झालेली, शहरातल्या खाजगी दवाखान्यात नर्स. तिला जर्मनीला जायचं होतं. बैठकीत आधी नेहमीचीच चर्चा झाली. पोरीला एकटीला एवढ्या लांब? लग्नाचं काय? ताई म्हणाल्या, "रात्रपाळीला ती एकटीच जाते, तेव्हा कुणी विचारलं नाही." त्यावर कुणी काही बोललं नाही. मग आम्ही पैशाचं विचारलं. या वेळी मात्र कागद बघितल्याशिवाय ठराव लिहायचा नाही, असं ठरलं होतं.

जर्मनीचं नाव गावात येण्याचं कारण आपल्याला माहीत आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. पहिल्या टप्प्यात 10 हजार जणांना पाठवायचं ठरलं. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर अशी कामं त्यात आहेत. पण करार झाला म्हणून आपल्या लेकराचं तिकीट निघत नाही. आणि त्याच कराराचं नाव सांगून कुणी घरी येऊन पैसे मागत असेल, तर त्याला दारातच थांबवा.

नर्सला तिकडे आधी भाषा यावी लागते. जर्मन भाषेच्या पायऱ्या आहेत: ए1, ए2, बी1, बी2. पूर्ण नर्स म्हणून काम करायला साधारण बी2 लागते. इकडचं प्रमाणपत्र तिकडचं खातं तपासतं आणि कुठे कमी पडतं ते लेखी कळवतं. ती कमतरता प्रशिक्षण घेऊन किंवा परीक्षा देऊन भरायची. तोवर तिथे मदतनीस म्हणून काम करता येतं, पगार कमी असतो. आयटीआयवाल्यांचंही असंच. तिकडचं प्रशिक्षण बहुतेक तीन-साडेतीन वर्षांचं असतं, त्यामुळे आपल्या प्रमाणपत्राला बरेचदा अर्धीच मान्यता मिळते.

मग पीआर कधी? पूर्ण मान्यता मिळून कुशल कामगाराचा परवाना हातात आला, की तिथून तीन वर्षं मोजायची. सोबत 36 महिने पेन्शनचे पैसे भरलेले हवेत, बी1 भाषा हवी आणि तिथल्या कायद्याची, समाजाची तोंडओळख हवी. त्यानंतर कायम राहण्याचा अर्ज होतो. म्हणजे इथून निघाल्यापासून चार-पाच वर्षं धरून चाला. पीआर मिळाली तरी पासपोर्ट भारताचाच राहतो. मतदानाचा हक्क इथलाच. लेक परकी होत नाही, एवढं तिच्या आजीला आम्ही तीनदा सांगितलं.

हे सगळं ऐकल्यावर गटानं ठरवलं की एजंटसाठी एक रुपयाही द्यायचा नाही. कर्ज दिलं ते भाषेच्या वर्गासाठी आणि परीक्षेच्या फीसाठी, तेही पायरीपायरीनं. ए1 चा निकाल दाखवला, की ए2 चे पैसे. लेक उद्या गेली नाही तरी शिकलेली भाषा तिच्याजवळ राहील, असा आम्ही विचार केला. जर्मनीतले बरेच दवाखाने नर्सच्या भरतीचा खर्च स्वतः करतात, हेही तेव्हाच कळलं. फक्त करारात एक बघायचं. नोकरी मध्येच सोडली तर किती पैसे परत मागतील, ते वाचल्याशिवाय सही करायची नाही.

कागदांचं काम मात्र आजच सुरू करा. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, नर्सिंगच्या प्रमाणपत्रावर तिसरं, असं आपल्याकडे घरोघरी आहे. लग्नानंतर नाव बदललेल्या लेकींचं तर विचारूच नका. या लेकीच्या आडनावात एका अक्षराचा फरक होता, ते दुरुस्त करायला दोन महिने गेले. पासपोर्टसाठी आता मुंबई गाठावी लागत नाही, शहरात छावणीच्या पोस्टातच सोय आहे.

नोकरी लावून देतो म्हणणारा कुणी आला, तर आपल्या गटात हे विचारा. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याचं नाव आहे का? नोंदणी झालेल्या एजंटला कामगाराकडून 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. तो रोख मागतो का? मूळ कागद आणि पासपोर्ट ठेवून घेतो का? टुरिस्ट व्हिसावर आधी जा, काम नंतर लावतो, असं म्हणतो का? संकेतस्थळावर नाव नसेल, किंवा बाकीच्या एकाही प्रश्नाचं उत्तर "हो" आलं, तर बैठक तिथेच संपवा. ऑनलाइन पैसे गेलेच असतील, तर लगेच 1930 या नंबरवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हाताबाहेर जातात.

ती लेक सध्या बी1 च्या वर्गात आहे. रात्रपाळी करून सकाळी मोबाईलवर शिकते, शब्द वहीत उतरवते. ती जर्मनीला पोचेल की नाही, ते आज आम्ही सांगू शकत नाही. तिच्या आईचा हप्ता मात्र दर महिन्याला वेळेवर येतो. आणि कापूस वेचून कर्ज फेडणाऱ्या आमच्या त्या पहिल्या ताई आता बैठकीत परदेशाचा विषय निघाला, की सगळ्यांच्या आधी विचारतात, "पावतीवर काय लिहिलंय, ते आधी वाचून दाखवा."

तुमच्याही बैठकीत हे विचारणारं कुणीतरी असू द्या.