शिगेचे माप
(ज्युबिली महोत्सवातील उपकारस्तुतीच्या दिवशी दुधनीच्या एका रहिवाशाने केलेले भाषण)



मी वक्ता नव्हे. तथापि, फादरांची आज्ञा मोडवेना, म्हणून आपणांसमोर उभा आहे. आजचा दिवस उपकारस्तुतीचा. आपण ज्यास पवित्र मिस्सा म्हणतो, त्याचे जुने ग्रीक नाव युखरिस्तिया; त्याचाही अर्थ उपकारस्तुती असाच आहे. विद्वत्तेचे माझे भांडार येथे संपले. यापुढे जे सांगावयाचे ते माझ्या बालपणीचे आणि या गावचेच आहे.

मी १९७२ साली नऊ वर्षांचा होतो. त्या दुष्काळाची आठवण असणारे अजून पुष्कळ जण येथे बसले आहेत. लागोपाठ पावसाने दगा दिला होता, आणि १९७३ च्या उन्हाळ्यात साऱ्या महाराष्ट्रात सुमारे पन्नास लक्ष माणसे सरकारी दुष्काळी कामांवर खपत होती. सोलापूर जिल्ह्यास तर त्याची झळ फारच लागली. माझे वडील येथल्या बाजारात हमाली करीत. बाजारात धान्यच येईना, तेव्हा पाठीवर घ्यावयाचे काय? आई खडी फोडावयास जाऊ लागली. दुपारी तेथे सुकडी मिळे. आईच्या वाट्याची सुकडी संध्याकाळी तिच्या पदराच्या गाठीतून निघे, आणि आम्ही चार भावंडे ती खात असू. ती स्वतः काय खात असे, हे विचारण्याचे शहाणपण आम्हांपैकी एकालाही सुचले नाही. अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आली. तिच्या भाकरीला लोक नावे ठेवीत. मालदांडीवर वाढलेल्या मुलुखाने नावे ठेवावीत हे साहजिक होते, पण खाल्ली सर्वांनी.

आमच्या आळीत एक लिंगायत कुटुंब होते. त्या घरच्या वृद्ध मालकिणीस सारी आळी अव्वा म्हणे. तिच्या वाड्यात ज्वारीचे पेव होते. आजच्या मुलांनी पेव पाहिलेले नाही, म्हणून थोडे सांगतो. जमिनीत खोल खड्डा घेऊन, तळास व बाजूंस कडबा लावून, त्यात ज्वारी भरीत व तोंड मातीने लिंपून टाकीत. उघडल्यावर लगेच आत उतरता येत नसे, कारण कोंडलेली हवा विषारी झालेली असे. दोरीस कंदील बांधून खाली सोडावयाचा. विझला तर थांबावयाचे. वडिलांबरोबर मी तेथे गेलो होतो. पहिल्या खेपेस कंदील विझला. दुसऱ्या खेपेस, पुष्कळ वेळाने, जळत राहिला आणि वडील उतरले. ते वर येईपर्यंत मी किती वेळा ‘नमो मरिया’ म्हटली, त्याचा हिशेब नाही.

त्या दिवसापासून अव्वा आईस अधूनमधून ‘धान्य निवडावयास’ बोलावू लागली. निवडण्यासारखे फारसे नसे. घरी निघताना अव्वा पायली भरी, वर शीग चढवी, आणि पदरात ओतताना म्हणे, “तगो, तंगी.” दुधनीत या कानडी शब्दांचा अर्थ सांगण्याचे कारण नाही. ज्वारीस पेवाचा उग्र वास येई. तो वास मला अजून फुलांच्या वासाहून प्रिय आहे.

पुढे पाऊस झाला. १९७४ च्या काढणीस आई मजुरीवर गेली आणि मजुरीच्या धान्यातून तिने अव्वाचे माप बाजूस काढले. ते परत देण्यास मी तिच्याबरोबर गेलो. माझी खात्री होती की, अव्वा ते घेणार नाही. पण अव्वाने घेतले! पायली आणविली, मोजली, एकेक माप घेतले. मला संताप आला. एवढ्या मोठ्या घरास आमची चार मापे हवीत काय? वाटेत मी तसे बोललोही. आई एवढेच म्हणाली, “तू नीट पाहिले नाहीस.”

काय पाहिले नव्हते, हे मला पुष्कळ वर्षांनी उमजले. देताना अव्वाने शिगेचे माप दिले होते. घेताना तळहाताने शीग पुसून सपाट माप घेतले. आणि घेतले म्हणूनच त्या दिवसापासून आई त्या वाड्यात मान वर करून जाऊ लागली. तिने नाकारले असते, तर आम्ही जन्मभर तिचे याचक राहिलो असतो.

हे उमजले ते माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणेशविसर्जन आटोपून गावे निजली होती. हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. आम्ही काही तरुण जुनी वस्त्रे गोळा करून एका खेड्यात गेलो, आणि खरे सांगावयाचे तर मनात थोडी फुशारकी घेऊन गेलो. मी एका बाईपुढे लुगडे धरले. तिने ते पाहिले. ते काखेत फाटलेल्या चोळीसह गुंडाळलेले होते. तिने ते परत माझ्या हाती दिले व विचारले, “दादा, विळा आहे का? आमचे विळे आत गेले. रान उभे आहे.” माझ्याजवळ विळा नव्हता. तिला काय हवे, हे आम्ही कोणी विचारलेच नव्हते. परतीच्या वाटेवर अव्वाचा तळहात माझ्या डोळ्यांपुढे आला. दुसऱ्या खेपेस आम्ही विळे, खुरपी व दोर नेले. ती बाई मात्र मला पुन्हा भेटली नाही.

आपल्या सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारले. त्या परक्या देशाने त्यांची समाधी राखली आहे. शुभवर्तमानातील दहा कुष्ठरोग्यांपैकी आभार मानावयास परतला तो एकटा, आणि तोही परका, शोमरोनी. आपण घरचे लोक मात्र पुष्कळदा तसेच पुढे निघून जातो. मीही गेलो. अव्वा वारली तेव्हा मी नोकरीनिमित्त दूर होतो, आणि ‘तुमच्या ज्वारीवर मी जगलो’ हे वाक्य तिच्यासमोर माझ्या तोंडून कधी निघाले नाही.

ते पेव आता बुजविले असून त्यावर फरशी आहे. अव्वाचा नातू आमच्या निमंत्रणास मान देऊन आज येथे आला आहे. तो तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याला हे काही ठाऊक नव्हते. जे त्याच्या आजीस सांगावयाचे राहिले, ते त्याने ऐकून घ्यावे, एवढ्यासाठीच मी फादरांची आज्ञा मानली.