लक्षात आलं, पण पुढे काय?



हिंसा घडायच्या आधी बिघडत चाललेला माणूस ओळखायची जबाबदारी कुणाची, असा विषय मला दिलाय. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. म्हणून दोन घटना कशा घडत गेल्या तेवढं बघतो. दोन्ही 2023 मधल्या.

पहिली इथलीच. 12 मे, शुक्रवार, भर दुपारी तळेगाव नगरपरिषदेपाशी जनसेवा विकास समितीचे किशोर आवारे यांचा खून झाला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्याचं मूळ डिसेंबर 2022 मध्ये होतं. नगरपरिषदेतच, चारचौघांत, एका माजी नगरसेवकाला थप्पड बसली होती. त्यांच्या मुलाने सूड म्हणून कट केला, असा आरोप आहे. खरंखोटं न्यायालय ठरवेल. मला खुपतात ते मधले पाच महिने. अपमान चारचौघांत झाला की तो बऱ्याच जणांना माहीत असतो. अशा वेळी आपल्याकडे दोनच वाक्यं तयार असतात. एक, ‘पोरगं तापलंय, होईल शांत.’ दुसरं, ‘बापावर हात टाकला आणि तू गप्प?’ हे दुसरं बोलणाऱ्याला आरोपी कुणी करत नाही.

दुसरी घटना तुम्हाला माहीत आहे. 31 जुलै, जयपूर-मुंबई सुपरफास्ट. पहाटे पाचच्या सुमाराला रेल्वे सुरक्षा दलाच्या शिपायाने आधी आपले वरिष्ठ टीकाराम मीणा यांना गोळी घातली. मग बी-5 डबा, पँट्री आणि एस-6 अशा तीन ठिकाणी तीन मुस्लिम प्रवाशांना मारलं.

या गोळीबाराआधीचे दोन-तीन तास नीट बघा. सोबतच्या जवानाने पोलिसांना सांगितलं त्यानुसार, शिपाई म्हणत होता की मला बरं वाटत नाही, वलसाडला उतरू द्या. जवानाने अंगाला हात लावून ताप बघितला. मीणांनी वर फोन केला. उत्तर आलं की ड्युटीचे दोनच तास उरलेत, समजूत घाला, मुंबईपर्यंत आणा. त्याला झोपवलं, त्याची रायफल काढून ठेवली. दहा-पंधरा मिनिटांत तो उठला, रायफल मागू लागला, जवानाचा गळा धरला. आणि शेवटी रायफल त्याच्याच हातात परत गेली.

म्हणजे लक्षात आलं नव्हतं असं नाही. तिघांच्या लक्षात आलं होतं, वरच्या कार्यालयालाही कळवलं होतं. पण त्याला उतरवून बदली माणूस चढवायचा अधिकार डब्यातल्या कुणाकडे नव्हता. आमच्या कामात रात्री सर्व्हर बिघडला की फोनवर इशारा येतो. कुणीतरी ‘बघितलं’चं बटण दाबतं आणि बाकीचे निवांत झोपतात. बघितलं म्हणजे दुरुस्त झालं, असा सगळ्यांचा समज!

‘डोकं फिरलं होतं’ एवढ्यावर मात्र ही गोष्ट मिटवू नका. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं कधी कुणावर हात उचलत नाहीत. आणि तो डब्या-डब्यातून माणसं निवडत गेला. कुणाला मारायचं हे ताप सांगत नाही, ते द्वेष सांगतो. तो द्वेषही आधी ऐकू येतो: चहाच्या टपरीवर, फॅमिली ग्रुपवर. त्यांच्या घरी, आणि आपल्याही. मे 2014 मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेच्या नावाखाली इराकला गेले आणि इसिसला मिळाले, तेही शिकलेलेच होते.

आपली अडचण वेगळीही आहे. मालेगावच्या 2006 च्या स्फोटात पकडलेली आपली मुलं 2016 मध्ये दोषमुक्त झाली. दहा वर्षं गेली. त्यामुळे मुलगा वेगळं बोलायला लागला की आई दार लावून घेते, मित्र ग्रुप सोडतात. गप्प बसणं किंवा पोलीस, मधे काहीच नाही. ही मधली जागा आपणच तयार केली पाहिजे.

ती फार मोठी नसते. चाकण-तळेगावच्या कंपन्यांत लागलेली पोरं एका खोलीत पाच-सहा राहतात. त्यातला एक जेवेना, झोपेना, एकाच माणसाचं नाव घेऊन धुमसत राहिला, तर त्याला सरळ विचारा, ‘कुणाला मारायचं मनात आहे का?’ विचारल्याने विचार पेरला जात नाही. उलट बहुतेकांना बोलता येतं. ‘हो’ म्हणाला तर एकट्याला सोडू नका, हत्यार असेल तर लांब करा, घरच्या ज्या माणसाचं तो ऐकतो त्याला बोलवा. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. हत्यार घेऊन निघालाच असेल तर 112, तिथे भावकी-दोस्ती बघायची नाही. जुलूम करणाऱ्या भावालाही मदत करा, ती म्हणजे त्याला जुलमापासून रोखणं, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलोय.

एक नियम मात्र हवा. आपल्याला सांगितलेलं मशिदीच्या ओट्यावर पोचता कामा नये. पोचलं तर पुढच्या वेळी कुणी सांगणार नाही.

मागच्या टेबलावर वही आहे. आपापल्या मोहल्ल्यातून दोन नावं लिहा, एक बाईचं हवंच. कारण घरातलं आधी त्यांनाच दिसतं आणि त्यांना कुणी विचारत नाही. सलीमभाई, चहा आला असेल तर पाच मिनिटं थांबू, मग प्रश्न घेतो.