पॉम्पेईची तारीख



चौतीस वर्षें मीं शाळेंत इतिहास शिकविला. माझें शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक आणि त्यावर शिक्षकी पेशाची सनद, एवढेंच. त्या काळांत एखादे शिक्षक रजेवर असले आणि वर्ग मोकळा राहिला, कीं मी मुलांना पॉम्पेई शहराची गोष्ट सांगत असें. व्हेसुव्हियस पर्वताचा स्फोट, आकाशांतून पडणारी राख, भट्टींत तशाच राहिलेल्या भाकरी, साखळीला बांधलेलें कुत्रें; आणि गोष्टीच्या आरंभीं फळ्यावर ठळक अक्षरांनीं तारीख: २४ ऑगस्ट, इसवी सन ७९. सामान्यज्ञानाच्या चाचणींत त्या तारखेवर एका गुणाचा प्रश्नही मी ठेवीत असें. दोन वर्षांपूर्वीं हीच गोष्ट नातीला सांगत असतां ती मध्येंच म्हणाली, "आजोबा, तुमची तारीख चुकली. स्फोट ऑक्टोबरांत झाला." आणि तिनें मोबाइलवर तशी बातमी काढून माझ्यापुढें धरली.

मला राग आला, हें कबूल करतों. तो बातमीवर होता असें मीं त्या वेळीं स्वतःला सांगितलें. थोडा नातीवरही असावा. परंतु रात्रीं अंथरुणावर पडल्यावर हिशेब सुरू झाला: चौतीस वर्षें, दरवर्षीं निदान दोन वर्ग, प्रत्येक वर्गांत चाळीस-पन्नास मुलें. इतक्या जणांच्या वह्यांत मीं चुकीची तारीख घातली काय? सकाळीं उठून मीं ठरविलें, कीं बातमीवरही विश्वास ठेवावयाचा नाहीं आणि माझ्या जुन्या टिपणांवरही नाहीं. पुरावा असेल तो डोळ्यांनीं पाहावयाचा. पूर्वीं हा निश्चय हास्यास्पद ठरला असता, कारण आमच्या नगरवाचनालयांत रोमविषयीं जें एकच जाडें पुस्तक होतें त्याचीं निम्मीं पानें वाळवीनें खाल्लीं होतीं. आज तो पुरावा इंटरनेटवर विनामूल्य पडलेला आहे. त्याच्याकडे जावें कसें, हें आज तुम्हांला सांगावयाचें आहे.

प्रथम अडचण भाषेची. लॅटिन मला येत नाहीं, आणि बोललेलें इंग्रजी माझ्या कानाला झेपत नाहीं. ज्यांची स्थिति अशी असेल त्यांनीं अमेरिकेंतील येल विद्यापीठाची 'रोमन वास्तुशास्त्र' ही व्याख्यानमाला शोधावी. डायाना क्लायनर या प्राध्यापिकाबाईंनीं २००९ सालीं वर्गांत दिलेलीं हीं व्याख्यानें चित्रध्वनीसह ठेवलेलीं असून प्रत्येक व्याख्यानाचा लिखित पाठही बरोबर दिलेला आहे. मी आदल्या दिवशीं पाठ शब्दकोश घेऊन वाचीत असें आणि दुसऱ्या दिवशीं व्याख्यान ऐकत असें. साठी उलटल्यावर पुन्हां विद्यार्थी होण्यांत एक सुख आहे. कोणी उभें करून प्रश्न विचारीत नाहीं.

मग तारखेकडे वळलों. ऑगस्टची तारीख येते कोठून? ती येते एका पत्रांतून. स्फोट झाला तेव्हां धाकटा प्लिनी हा सतरा वर्षांचा होता व उपसागरापलीकडील मिसेनम येथें आपल्या मामाकडे राहत होता. मामा आरमाराचा अधिपति. तो माणसें सोडविण्यास गलबतें घेऊन गेला आणि स्टाबिए येथें मरण पावला. पुढें पंचवीसएक वर्षांनीं इतिहासकार टॅसिटस याच्या विनंतीवरून प्लिनीनें ही हकीकत दोन पत्रांत लिहिली. अमेरिकेंतील टफ्ट्स विद्यापीठाच्या 'पर्सियस' या ग्रंथभांडारांत हीं पत्रें मूळ लॅटिनमध्यें वाचावयास मिळतात. लॅटिन शब्दावर बोट ठेवलें, कीं त्याचा अर्थ व व्याकरण समोर येतें. सहाव्या भागांतील सोळावें पत्र काढलें. तेथें तारीख होती: 'सप्टेंबरच्या कॅलेंड्सपूर्वीं नववा दिवस'.

कॅलेंड्स म्हणजे महिन्याचा पहिला दिवस. आपण तिथि पुढें मोजीत जातों, प्रतिपदा, द्वितीया, तृतीया. रोमन लोक पुढच्या ठरावीक दिवसाला किती दिवस उरले तें मोजीत, आणि तो दिवसही मोजणींत धरीत. १ सप्टेंबर हा पहिला, ३१ ऑगस्ट हा दुसरा, असें मागें मोजीत आलें म्हणजे नववा दिवस २४ ऑगस्ट येतो. म्हणजे माझी तारीख बरोबर! क्षणभर मला वाटलें, नातीला हांक मारावी.

परंतु प्लिनीच्या हातचें पत्र आज कोठेंच नाहीं. आहेत त्या शेंकडों वर्षांनंतर नकलून घेतलेल्या प्रती, आणि त्यांत पाठभेद आहेत. सर्वांत विश्वसनीय मानल्या जाणाऱ्या प्रतींत सप्टेंबर आहे; कांहीं जुन्या छापील आवृत्त्यांत नोव्हेंबर आहे. नकलनवीस चुकतो, ही गोष्ट आपल्याला कोणी शिकवावयास नको. ज्ञानेश्वरींत शिरलेले अपपाठ काढण्यासाठीं एकनाथ महाराजांना शके १५०६ मध्यें सबंध ग्रंथ शोधावा लागला.

दिवस मागें मोजण्याची ही रीत नीट अंगवळणीं पडावी म्हणून मी आणखी उदाहरणें शोधूं लागलों, आणि त्या नादांत उत्तर इंग्लंडांतील विंडोलँडा या रोमन ठाण्यांत जाऊन पोंचलों. तेथें १९७३ सालीं रॉबिन बर्ली यांना ओल्या मातींत लांकडाच्या पातळ पट्ट्या मिळाल्या. त्यांवर शाईनें लिहिलेला मजकूर होता. ब्रिटनमधील रोमन लेखांचें जें संकेतस्थळ आहे त्यांत त्या पट्ट्यांचीं छायाचित्रें, वाचन आणि इंग्रजी भाषांतर, तिन्ही मिळतात. क्रमांक २९१ अवश्य पाहा. इसवी सन १०० च्या सुमारास क्लॉडिया सेव्हेरा नांवाच्या बाईनें आपली मैत्रीण सुल्पिसिया लेपिडिना हिला वाढदिवसाचें आमंत्रण धाडलें आहे. दिवस दिला आहे सप्टेंबरच्या ईड्सपूर्वींचा तिसरा. ईड्स १३ तारखेस, म्हणून हा दिवस ११ सप्टेंबर. मजकूर लेखनिकाच्या वळणदार हातचा. पण शेवटीं बाईनें स्वतःच्या कांहींशा अवघडलेल्या अक्षरांत दोन ओळी घातल्या आहेत, कीं बहिणी, मी तुझी वाट पाहीन. स्त्रीच्या हातचें लॅटिन लेखन म्हणून जें कांहीं उपलब्ध आहे त्यांत याची गणना सर्वांत जुन्यांत होते. हें छायाचित्र मीं आमच्या घरांत दाखविलें तेव्हां ज्यांना रोमशीं कांहीं कर्तव्य नाहीं त्यांनींही पोळपाट बाजूला सारून तें पाहिलें.

पुन्हां पॉम्पेईकडे येतों. शहरांत हिंडावयाचें असेल तर 'पॉम्पेई इन पिक्चर्स' नांवाचें संकेतस्थळ आहे. हौसेनें, पदरमोड करून चालविलेलें. एकोणिसाव्या शतकांत उत्खननाचे प्रमुख असलेले जुझेप्पे फिओरेल्ली यांनीं शहराचे नऊ विभाग पाडले, विभागांतील घरांच्या चौकांना क्रमांक दिले आणि दर दाराला क्रमांक दिला. त्या क्रमानें दारोदारचीं छायाचित्रें येथें लावलेलीं आहेत. टपाल वांटणाऱ्या शिपायाप्रमाणें गल्लीगल्लींतून जावें.

मी पहिला विभाग, आठवा चौक, पांचवें दार येथें थांबलों. या घरांत १९३८ सालीं अमेदेओ मायुरी यांना हस्तिदंताची एक वीतभर उंचीची स्त्रीमूर्ति मिळाली. अंगावर भरगच्च दागिने, दोहों बाजूंस दासी. ती निःसंशय आपल्या देशांतली. मूर्ति आज नेपल्सच्या संग्रहालयांत आहे. पूर्वीं तिला लक्ष्मी म्हणत. आतां पुष्कळ विद्वान् यक्षी म्हणतात. तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ति जालना जिल्ह्यांतील भोकरदन येथें आणि धाराशिव जिल्ह्यांतील तेर येथें मिळाल्या असल्यामुळें ती आपल्या भागांतून गेली असावी, असा एक पक्ष आहे. तिच्या तळाशीं मात्र खरोष्ठी अक्षर आहे, आणि खरोष्ठी ही वायव्येकडील लिपि. तेव्हां आपल्या भागाचा अभिमान बाळगतांना जरा जपून. एक गोष्ट निश्चित: ती ७९ सालच्या राखेखालीं होती, म्हणून ती त्या सालानंतरची असूं शकत नाहीं. भोकरदन व तेर येथील मूर्तींचा काळ ठरवितांनाही विद्वानांना या राखेचा आधार होतो.

ती तेथवर पोंचली कशी, हें पाहण्यासाठीं स्टॅनफर्ड विद्यापीठानें २०१२ सालीं प्रसिद्ध केलेला 'ऑर्बिस' हा नकाशा उघडला. दोन शहरें व महिना निवडला म्हणजे रोमन काळीं किती दिवस लागत व काय खर्च येई, त्याचा अदमास तो देतो. अलेक्झांड्रियापासून इटलीपर्यंतचा समुद्रप्रवास त्यावर काढतां आला. पण त्या नकाशाची हद्द साम्राज्यापाशीं संपते, आणि आपला किनारा त्यांत नाहीं. थोडी निराशा झाली.

आतां नातीची ती बातमी. २०१८ सालीं पॉम्पेईच्या पांचव्या विभागांत एका घराच्या भिंतीवर कोळशानें लिहिलेली एक ओळ सांपडली. तींत दिवस आहे नोव्हेंबरच्या कॅलेंड्सपूर्वींचा सोळावा, म्हणजे १७ ऑक्टोबर. कोळसा पुसट होतो, अर्थात् ओळ स्फोटाच्या थोडीच आधीं लिहिलेली असणार, म्हणून स्फोट ऑक्टोबरांतला, असा युक्तिवाद. ढिगाऱ्यांत डाळिंबासारखीं शरदांतलीं फळें मिळालीं होतीं, तींही या पक्षाला उपयोगी पडलीं. मी जवळजवळ हरलों होतों. परंतु त्या ओळींत साल नाहीं! आणि पॉम्पेईच्या उत्खननखात्याचें स्वतःचें एक नियतकालिक इंटरनेटवर निघतें, तें चाळतां असें दिसलें, कीं तेथील संशोधकांनीं कोळशानें भिंतीवर लिहून पाहिलें आणि आडोशाच्या भिंतीवर तें अक्षर कित्येक महिने टिकलें. म्हणजे ती ओळ आदल्या वर्षींची असण्यास प्रत्यवाय नाहीं, आणि ऑगस्टला अद्याप रजा देतां येत नाहीं. नियतकालिक बहुतेक इटालियन भाषेंत आहे; यंत्राकडून भाषांतर करून घ्यावें लागतें, व तें कधीं कधीं हास्यकारक होतें. पण मोबाइलवरच्या बातमींत यांतलें अक्षरही नव्हतें. बातमी निकाल सांगून मोकळी झाली होती, आणि मीं तरी चौतीस वर्षें दुसरें काय केलें?

नातीला हें सर्व क्रमानें दाखविलें. ती म्हणाली, "मग आपण दोघेही चुकलों." मीं तिला प्लिनीचें पत्र पुन्हां काढावयास लावलें, आतां ती मला लॅटिन शब्दांचे अर्थ सांगते.

त्यानंतर माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचा जो व्हॉट्सॲपवर गट आहे त्यावर मीं एक पत्र लिहिलें: वहींतील २४ ऑगस्ट ही तारीख पेन्सिलीनें कंसांत टाकावी, तिच्या जागीं दुसरी लिहूं नये, साल मात्र तसेंच ठेवावें. बहुतेकांनीं नमस्काराचीं चित्रें धाडलीं. एका विद्यार्थ्यानें मात्र लिहिलें, "सर, सातवींतल्या चाचणींत मीं नुसतें 'इ. स. ७९' लिहिलें होतें. महिना आणि दिवस नाहीं म्हणून तुम्हीं माझा अर्धा गुण कापला होता." मला तो प्रसंग मुळींच आठवेना, पण तो खोटें बोलणारा मुलगा नव्हता. त्याच गटावर, सर्वांच्या देखत, मीं त्याला अर्धा गुण देऊन टाकला.