शेवटची फेरी सावकाश



चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर आम्ही हौशी मंडळी गाड्या पळवतो. तिथे शाळेतली गतिज ऊर्जा पुन्हा भेटते: वेग दुप्पट, तर ब्रेकनी जिरवायची उष्णता चौपट.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरलेलं १५५ लाही उकळू शकतं. मग पेडल दाबलं, तर नुसती वाफ दबते आणि गाडी थांबत नाही. म्हणून ते आधीच बदला.

इंजिन ऑइल साधारण १३० अंशांपुढे चढू लागलं, की वेग कमी करा. शेवटची फेरी सावकाश, शक्यतो ब्रेक न लावता मारा. थांबल्यावर तापलेल्या चाकांवर हँडब्रेक ओढू नका. गिअर टाका, चाकाखाली ठोकळा लावा.